रात्री साडेदहाचं माप

"नेट गेलं रेऽऽ!"

ही आरोळी ऐकली नाही असा एकही विद्यार्थी आमच्या होस्टेलवर सापडणार नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी सुरुवात करायची, तिसऱ्या मजल्याने साथ द्यायची आणि पाच मिनिटांत सगळी पब्लिक गॅलरीत! वेळसुद्धा ठरलेली. रात्री साडेदहा. मेस आटोपलेली, घरचे फोन झालेले, उद्याच्या सबमिशनची फाईल अजून उघडायचीय, आणि नेमकं तेव्हाच पान अर्धवट उघडून गोल गोल फिरत बसायचं. सकाळी अकराला तक्रार घेऊन गेलं की सर्व्हर रूममधले सर समोरच स्पीड टेस्ट लावून दाखवायचे. "हे बघ, पाचशेच्या वर येतंय. तुझ्या लॅपटॉपमध्येच काहीतरी असेल." सर खोटं बोलत नव्हते आणि आम्हीही नाही. ते सकाळी अकराचं नेट बघत होते, आम्ही रात्री साडेदहाचं.

मित्रहो, या लेखाचा विषय आहे फायरवॉल. म्हणजे फायरवॉल केवढी घ्यावी, कुठे कशी घ्यावी, आणि ती ठरवताना काय मोजावं. "हा तांत्रिक लेख आहे, इंग्रजी विभागात दे की," असं संपादक मंडळातला मित्र म्हणालाही. पण गेल्या वर्षभरात आपल्या कॉलेजात जे झालं ते मला मराठीतच सांगायचंय. कारण त्यातला तांत्रिक भाग थोडा आहे, आणि बाकीचा तुमच्या-माझ्या, ऑफिसमधल्या मॅडमच्या आणि एका ज्युनियरच्या वडिलांच्या वाट्याला आलेला आहे. मी दोन वर्षं नेटवर्क कमिटीत होतो. त्यामुळे जे चुकलं त्यात माझाही हात आहे, हे आधीच कबूल करतो.

तर आधी जुनी गोष्ट. आपल्या होस्टेलचं नेट बरीच वर्षं एका जुन्या पीसीवरून चालायचं. कुठल्यातरी सीनियर बॅचने त्यावर लिनक्स टाकून गेटवे बनवला होता. साइड पॅनेल गायब, वर टेबल फॅन लावलेला, पण बिचारा इमानदार! तो दर रात्री साडेदहाला मान टाकायला लागला. आमचं सगळ्यांचं निदान एकच होतं, 'लाइन कमी पडते.' पण ग्राफ बघितला तर १ गिगाबिटच्या लाइनपैकी निम्मीसुद्धा वापरली जात नव्हती. मग अडतंय कुठे?

उत्तर त्या पीसीच्या लॉगमध्ये होतं, आणि ते बघायला आम्हाला तीन महिने लागले. तिथे एकच ओळ शेकडो वेळा आली होती, "टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट." म्हणजे वही भरली, नवीन माणसाला नोंद नाही, परत जा.

फायरवॉल प्रत्येक कनेक्शनची नोंद एका टेबलमध्ये ठेवते. आतला कोण, बाहेरचा कोण, कुठलं पोर्ट, बोलणं सुरू आहे की संपलं. या टेबलला मर्यादा असते. आमच्या पीसीवर ती ६५,५३६ होती. आता गर्दीचा हिशोब करू. होस्टेलवर साधारण ६०० मुलं. प्रत्येकाचा एक फोन आणि एक लॅपटॉप, म्हणजे १,२०० उपकरणं. समजा गर्दीच्या वेळी प्रत्येक उपकरण सरासरी दर दोन सेकंदांना एक नवं कनेक्शन उघडतं. (हे जास्त वाटेल, पण बातमीचं एक पान उघडलं तरी जाहिराती, चित्रं, फॉन्ट, आणखी कायकाय, मिळून डझनावारी कनेक्शनं होतात.) म्हणजे सेकंदाला ६०० नवी कनेक्शनं. प्रत्येक नोंद टेबलमध्ये सरासरी दोन मिनिटं राहिली तर एका वेळी ६०० गुणिले १२०, म्हणजे ७२,००० नोंदी. आणि वही आहे ६५,५३६ ओळींची. संपला विषय! लाइन रिकामी, पण दारावरचा रखवालदार नोंदवहीत जागा नाही म्हणून माणसं परत पाठवतोय.

हा गुणाकार माझा नाही. आत किती जण आहेत, तर सरासरी किती वेगाने येतात गुणिले सरासरी किती वेळ थांबतात. याला लिटलचा नियम म्हणतात आणि जॉन लिटल यांनी १९६१ साली तो सिद्ध केला. पाचव्या सेमिस्टरला आम्ही तो पाठ केला, सात मार्कांना लिहिला, आणि स्वतःच्या होस्टेलला लावून बघायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. याचीच मला जास्त लाज वाटते.

त्यातली आणखी एक गंमत ऐका. फोन खिशात टाकून मुलगा वाय-फायच्या बाहेर गेला की त्याची कनेक्शनं रीतसर बंद होत नाहीत. तशा नोंदी किती वेळ जपून ठेवायच्या? लिनक्समध्ये चालू टीसीपी कनेक्शनसाठी मुळात दिलेली मुदत आहे ४,३२,००० सेकंद. म्हणजे पाच दिवस! सोमवारी क्लासला गेलेल्या पोराची नोंद शनिवारपर्यंत वहीत. ही मुदत दोन-तीन तासांवर आणली असती आणि मर्यादा वाढवली असती, तर त्याच जुन्या पीसीने आणखी एखादं वर्ष सहज काढलं असतं. दोन ओळींचं काम, खर्च शून्य.

पण तोवर नव्या फायरवॉलची फाईल वर गेली होती.

खरेदीच्या मीटिंगला विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून मी हजर होतो. (समोसे चांगले होते.) व्हेंडरने रंगीत माहितीपत्रक वाटलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत '१० गिगाबिट'. आपली लाइन १ गिगाबिट. दहापट! सगळ्यांनी माना डोलावल्या, माझीही डोलली. पाठीमागच्या पानावर बारीक अक्षरांत आणखी चार-पाच आकडे होते. ते कुणी वाचले नाहीत, मीही नाही.

नवा खोका आला, रॅकमध्ये बसला, दिवे लुकलुकले, फोटो निघाले. त्याच्या टेबलात लाखो नोंदी मावत होत्या, त्यामुळे जुना प्रश्न सुटला. पंधरा दिवस होस्टेलवर स्वर्ग! पण दारातली अडवणूक गेली तसा वापर वाढला. जी लाइन निम्मी रिकामी असायची तिच्यावर रात्री साडेआठशे मेगाबिट वाहायला लागले. आणि पुन्हा साडेदहाला पान गोल फिरू लागलं.

तेव्हा मी ते माहितीपत्रक उलटं करून वाचलं. १० गिगाबिट हा आकडा होता नुसतं पाकीट इकडून तिकडे देण्याचा. घुसखोरी ओळखणं, व्हायरस तपासणं, कुठलं ॲप्लिकेशन आहे ते बघणं, या सगळ्या तपासण्या चालू केल्या की त्याच खोक्याचा आकडा होता ७०० मेगाबिट. बंद कुलपातली, म्हणजे टीएलएसमधली वाहतूक उघडून तपासायची असेल तर त्याहून कमी. व्हेंडरने फसवलं असं म्हणता येणार नाही. सगळं छापलेलं होतं. आम्ही फक्त मोठ्या अक्षरातलं वाचलं.

आणि मग ती रात्र. दुसऱ्या दिवशी सकाळी एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट, मुलांना सॅम्पल पेपर उघडेना, रेक्टर सरांना फोनवर फोन. सर्व्हर रूममधल्या सरांनी व्हेंडरच्या इंजिनियरला फोन लावला. तिकडून आवाज आला, "सर, पॉलिसीवरचं आयपीएस आणि अँटिव्हायरस काढून टाका, स्पीड लगेच येईल." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "सर, काढा ना, मुलं थांबलीयत." दोन टिकमार्क काढले आणि स्पीड खरोखरच आला. गॅलरीतून टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

ते दोन टिकमार्क परत लावायचे कुणाच्याच लक्षात राहिले नाहीत. सरांच्याही नाही, माझ्याही नाही. त्यात भर म्हणजे होस्टेल आणि कॉलेजचं ऑफिस एकाच पॉलिसीवर होतं. त्यामुळे आमच्या सॅम्पल पेपरसाठी ऑफिसचीही तपासणी बंद झाली.

फेब्रुवारीत ऑफिसमधल्या एका पीसीवर सगळ्या फाईल्सना कुलूप लागलं. एका ईमेलमधली फाईल उघडली होती म्हणे. त्यात शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या छाननीची यादी होती आणि बॅकअप तीन आठवड्यांचा जुना. पुढचे चार दिवस ऑफिसमधल्या मॅडम आणि दोन शिपाई काका रात्री नऊपर्यंत बसून कागदांवरून सगळं पुन्हा भरत होते. काही कागद सापडेनात. आमच्या एका ज्युनियरचे वडील उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत द्यायला गावाहून एसटीने परत आले. एक दिवसाची मजुरी बुडवून. त्यांना मी ऑफिसच्या बाहेर बाकावर बसलेलं बघितलं, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दाखला. त्यांना काय सांगणार होतो? की काका, माहितीपत्रकाचं मागचं पान आम्ही वाचलं नव्हतं?

तपासणी चालू असती तर ती फाईल नक्की अडली असती असं मी म्हणणार नाही. अडली असती किंवा निसटलीही असती. पण पैसे मोजून रखवालदार ठेवला आणि गर्दी झाली म्हणून त्याला झोपायला सांगितलं, हे तर खरंच.

म्हणून माझं मत असं आहे. फायरवॉल लहान पडली की फक्त नेट हळू होतं, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं. नेट हळू झालं की आरडाओरडा होतो, आणि आरडाओरडा झाला की कुणीतरी तपासणी बंद करतो. नेट परत पळायला लागतं, सगळे खूश होतात, आणि कमी पडलेलं माप सुरक्षिततेच्या खात्यातून गुपचूप वसूल होतं. वेग कमी झाला तर सहाशे जण ओरडतात, सुरक्षितता कमी झाली तर कुणाच्या कानावर आवाजसुद्धा येत नाही. त्यामुळे बरोबर मापाची फायरवॉल म्हणजे गर्दीच्या तासालाही तपासण्या बंद करायची वेळ येणार नाही अशी फायरवॉल. बाकी सगळे आकडे यानंतर.

आता हे माप घ्यायचं कसं? पहिली गोष्ट म्हणजे 'किती गिगाबिट' हा एकटा प्रश्न पुरेसा नाही. इथरनेटवर सर्वात लहान फ्रेम ६४ बाइटची आणि नेहमीची सर्वात मोठी १,५१८ बाइटची. १ गिगाबिटची लाइन मोठ्या फ्रेम्सनी भरली तर सेकंदाला सुमारे ८१ हजार फ्रेम्स जातात. लहान फ्रेम्सनी भरली तर जवळजवळ १४ लाख ८८ हजार. गिगाबिट तेवढंच, पण काम अठरापट! कारण फायरवॉलचं बरंचसं काम दर पाकिटामागे असतं, पाकीट लहान की मोठं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. पोस्टमनला विचारा, दहा किलोचं एक पार्सल पोचवणं सोपं की दहा किलो पोस्टकार्डं? आणि पहिल्या पानावरचे आकडे बहुतेक वेळा मोठ्या पाकिटांवर मोजलेले असतात.

मोजायच्या पद्धती नाहीत असं नाही. नेटवर्क उपकरणांच्या चाचणीची आरएफसी २५४४ ही १९९९ ची, खास फायरवॉलसाठीची आरएफसी ३५११ ही २००३ ची. पण तेव्हाची वाहतूक वेगळी होती. आज जवळजवळ सगळी वेब वाहतूक कुलपातून जाते. म्हणून मार्च २०२३ मध्ये आरएफसी ९४११ आली आणि तिने ३५११ ची जागा घेतली. तिच्यात सुरक्षा तपासण्या चालू ठेवून, एचटीटीपीएस वाहतुकीवर मोजायला सांगितलं आहे. तेव्हा कोटेशन मागवताना एक वाक्य जरूर घालावं की, आकडे या पद्धतीने मोजलेले द्या. जो देणार नाही त्याचे समोसे खाऊ नयेत.

दुसरी गोष्ट, गर्दीचा तास. हा विचार शंभर वर्षांहून जुना आहे. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा डॅनिश गणिती होता. एक्स्चेंजमध्ये किती लाइन्स टाकल्या म्हणजे लोकांना फार वेळा 'एंगेज' मिळणार नाही, हा त्याचा प्रश्न. १९०९ साली त्याने पहिला निबंध लिहिला आणि १९१७ साली ती प्रसिद्ध सूत्रं दिली. आजही टेलिफोन वाहतूक मोजायच्या एककाला त्याचंच नाव आहे. त्या शास्त्रात हिशोब दिवसभराच्या सरासरीवर होत नाही, सर्वात गर्दीच्या तासावर होतो. कारण 'एंगेज' त्याच तासाला मिळतो.

आपल्या मेसच्या काकांना हे एर्लांगशिवाय कळतं. रजिस्टरवर सहाशे नावं आहेत म्हणून ते सहाशे ताटांचा भात एकदम लावत नाहीत. पावणेनऊला प्रॅक्टिकलची बॅच सुटून किती जण एकदम येणार, त्यावर शेगड्या पेटवतात. रविवारी फीस्ट असेल तर हिशोब वेगळा, परीक्षेत वेगळा, गणपतीत निम्मी मुलं गावी गेली की वेगळा. काकांचा हिशोब गेल्या दहा वर्षांत चुकल्याचं मला तरी आठवत नाही. आमचा मात्र, चार संगणक अभियंते मिळून, चुकला.

तिसरी गोष्ट, जागा. सगळ्या जागांना एकच माप चालत नाही, आणि इथेच आपण सर्वात मोठी चूक केली. होस्टेल, लॅब आणि ऑफिस एकाच खोक्यातून, एकाच पॉलिसीवर.

होस्टेल घ्या. माणसं खूप, उपकरणं त्याहून खूप, कनेक्शनं लहान-लहान पण असंख्य. इथे बघायचे आकडे म्हणजे सेकंदाला नवी कनेक्शनं किती आणि एका वेळी चालू किती. त्यातच नॅटचं बघा. आतल्या हजारो उपकरणांना बाहेर एकच सार्वजनिक पत्ता असेल तर पोर्ट क्रमांक १६ बिटांचे, म्हणजे एकूण ६५,५३६. एकाच लोकप्रिय साइटकडे सगळे धावले की तेही अपुरे पडू शकतात. चार-आठ पत्त्यांचा पूल ठेवला की भागतं. शिवाय होस्टेलमधल्या वैयक्तिक फोनचं कुलूप उघडून तपासणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी प्रत्येकाच्या फोनवर कॉलेजचं रूट सर्टिफिकेट टाकावं लागेल. बऱ्याच ॲप्सना ते चालत नाही, ती बंदच पडतात. आणि मुलामुलींचे घरचे, बँकेचे, दवाखान्याचे व्यवहार बघण्याचं कॉलेजला कारणही नाही. म्हणजे आधी धोरण ठरवायचं की काय तपासणार आणि काय नाही, मग माप. धोरण न ठरवता माप घेणं म्हणजे सदरा की झब्बा ते न सांगता शिंप्यापुढे उभं राहणं.

लॅबचं उलट. मशीन्स थोडी, पण एकेक डाउनलोड गिगाबाइटचं. इथे गंमत अशी की, बऱ्याच फायरवॉल्समध्ये एक प्रवाह एकाच कोअरवर हाताळला जातो. त्यामुळे बत्तीस कोअरची बढाई असली तरी एका मोठ्या फाईलला एका कोअरचाच वेग मिळतो. एकूण आकडा बघून इथेही फसायला होतं.

ऑफिस म्हणजे तीस-चाळीस पीसी. वाहतूक होस्टेलच्या मानाने किरकोळ. पण फी, निकाल, शिष्यवृत्ती, पगार सगळं तिथेच. इथे सगळ्या तपासण्या चालू हव्यात, कॉलेजच्याच मालकीची मशीन्स असल्यामुळे कुलूप उघडून तपासणीही करता येते (बँकेच्या साइट्स वगळून). आणि हे सगळं करायला लागणारा खोका लहानसाच असतो! होस्टेलच्या गर्दीपासून ऑफिस वेगळं केलं असतं, तर आमच्या त्या रात्रीच्या टिकमार्कांनी मॅडमचे चार दिवस गेले नसते.

चौथी जागा मी इन-प्लांट ट्रेनिंगला बघितली. चाकणच्या एका कारखान्यात. तिथल्या शॉप फ्लोअरवर पीएलसी एकमेकांशी मॉडबस टीसीपीवर बोलतात. त्यातला सर्वात मोठा निरोपसुद्धा २६० बाइटचा. वाहतूक इतकी कमी की आपल्या एका मजल्याच्या व्हिडिओपुढे काहीच नाही. मग लहानात लहान फायरवॉल चालेल? वेगाच्या बाबतीत हो. पण ती धूळ आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात, पंख्याशिवाय, वर्षभर न थांबता चालली पाहिजे. निरोपाला होणारा उशीर अगदी थोडा आणि दर वेळी सारखाच हवा. आणि खोका बिघडला तर दार उघडं ठेवायचं की बंद, हे आधी ठरवावं लागतं. ऑफिसात बंद झालेलं बरं. पण चालू भट्टीशी संपर्क तुटणं माणसाच्या जिवावर बेतू शकतं. तिथले इंजिनियर मला म्हणाले, "तुमच्याकडे नेट गेलं की तुम्ही गॅलरीत येता. आमच्याकडे गेलं की आम्हाला पळावं लागतं."

आता तुम्ही म्हणाल, एवढी डोकेफोड कशाला? सरळ मोठ्यातला मोठा घ्या, प्रश्न मिटला. हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. थोडी जागा शिल्लक ठेवायलाच हवी, कारण फायरवॉल पाच-सात वर्षं चालवली जाते आणि तेवढ्यात लाइन दुप्पट-तिप्पट होते. पण मोठ्या खोक्याचं दरवर्षीचं लायसन्सही मोठं असतं. खरेदीच्या वर्षी ग्रँट असते, तिसऱ्या वर्षी नसते. लायसन्स संपलं की नव्या धोक्यांची ओळख खोक्याला मिळत नाही. मग रॅकमध्ये हत्ती उभा, पण डोळे मिटलेले. पेलवेल तेवढाच हत्ती पाळावा.

आणखी एक माप सगळे विसरतात, ते लॉगचं. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, डेटा सेंटर्स, सरकारी संस्था वगैरेंना १८० दिवसांचे लॉग जपून ठेवायला सांगितलं आहे. आपणही तेच माप धरू. सेकंदाला १,००० नोंदी, प्रत्येकी ५०० बाइट. दिवसाला ४३ जीबी, १८० दिवसांचे पावणेआठ टीबीच्या आसपास. फायरवॉलमधल्या छोट्या डिस्कवर हे मावणार नाही. म्हणजे लॉग ठेवायचा सर्व्हर खरेदीतच धरायला हवा, नाहीतर फेब्रुवारीत झालं तसं होतं. 'ती फाईल कुठून आली?' असं विचारलं आणि लॉग मागच्या चार दिवसांचेच निघाले.

आता सूचना. पुढच्या वर्षी ऑफिससाठी वेगळी फायरवॉल घेण्याचं चाललंय असं कानावर आहे. त्याआधी एवढं करावं. एक, सलग दोन आठवडे मोजणी करा. मेगाबिट, सेकंदाला पाकिटं, सेकंदाला नवी कनेक्शनं आणि चालू कनेक्शनं, दर पाच मिनिटांनी. त्यात एक सबमिशनचा आठवडा असू द्या. दोन, कुठल्या जागी काय तपासायचं ते एका कागदावर लिहून त्यावर प्राचार्यांची सही घ्या. तीन, व्हेंडरकडून खोका आधी डेमोवर मागवा आणि सगळ्या तपासण्या चालू ठेवून रात्री साडेदहाला आमच्या गर्दीपुढे उभा करा. सकाळी अकराचा डेमो धरायचा नाही. चार, तपासणी बंद करायची वेळ आलीच तर रजिस्टरमध्ये नोंद, कुणी, का, आणि परत कधी लावणार. सर्व्हर रूमच्या दाराला एक साधी दोनशे पानी वही टांगली तरी पुरे.

आणि पाचवी सूचना आपल्यासाठी, होस्टेलवाल्यांसाठी. एकेक टॉरेंट शेकडो कनेक्शनं उघडून बसतं, हे आपल्याला माहीत असतं. गर्दीच्या तासाला ते लावून झोपणारा आपल्यातलाच कुणीतरी असतो. गॅलरीत येऊन ओरडण्याआधी तेवढं बंद करायला काय हरकत आहे?

ते दोन टिकमार्क मार्चमध्ये परत लागले. आता ऑफिसची पॉलिसी वेगळी आहे, आणि होस्टेलला रात्री थोडं हळू चालतं. परवा एक एफ. वाय.चा मुलगा वैतागून म्हणाला, "दादा, ती तपासणी बंद करा ना, मागच्या वर्षी स्पीड मस्त होता म्हणे!" मी त्याला खाली घेऊन गेलो, चहा पाजला आणि त्या बाकावरच्या काकांची गोष्ट सांगितली. तो गप्प झाला. मग म्हणाला, "मोजणी कधी सुरू करायची?"

आम्ही येत्या सोमवारपासून करतोय. रात्री साडेदहाला, सर्व्हर रूमच्या बाहेर. ज्याला यायचंय त्याने यावं. चहा माझ्याकडून.